बोलणारा रेडिओ नाताळाआधी काय काय बोलतो

पुण्यात सकाळचे सहा वाजून अठरा मिनिटं होतात, तेव्हा लंडनमध्ये रात्रीचे बारा अठ्ठेचाळीस झालेले असतात. हिवाळ्यात आपलं घड्याळ त्यांच्या साडेपाच तास पुढे. मी चहाचं आधण ठेवते आणि फोनवर बीबीसी रेडिओ ४ लावते. रोनाल्ड बिंज यांनी बांधलेली एक संथ चाल संपत आलेली असते. मग एक शांत आवाज नावं वाचायला लागतो: वायकिंग, नॉर्थ उटसिरा, साउथ उटसिरा, फोर्टीज, क्रोमार्टी, फोर्थ, टाइन, डॉगर.

आईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, "हा कुणाची हजेरी घेतोय गं?"

हजेरीच आहे ती, समुद्राची. ब्रिटनच्या भोवतीचा समुद्र ३१ तुकड्यांत वाटलेला आहे आणि प्रत्येक तुकड्याला नाव आहे. नॉर्वेच्या बाजूच्या वायकिंगपासून सुरुवात करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बेटांना प्रदक्षिणा घालायची आणि आग्नेय आइसलंडला थांबायचं. आईचं बालपण आणि अर्धा संसार आकाशवाणी ऐकत गेलेला. त्यामुळे पुढचे प्रश्नही तिचेच होते: साध्या बातम्यांच्या, नाटकांच्या स्टेशनवर रोज हे कशाला? आणि दिवसभर गाणं न लावता हे लोक बोलतात तरी काय? तिला त्या डिसेंबरात जे तुकड्यातुकड्याने सांगितलं, तेच इथे सलग लिहिते आहे.

आधी ती हजेरी कशी वाचायची ते. 'शिपिंग फोरकास्ट' हे तिचं नाव. हवामान खातं ती लिहितं आणि रेडिओचा निवेदक वाचतो. सुरुवातीला वादळाचे इशारे, मग एकूण हवेची स्थिती, मग एकेक भाग. भागाचं नाव झालं की वाऱ्याची दिशा, वाऱ्याचा जोर, पाऊस वगैरे, आणि शेवटी किती लांबचं दिसेल ते. हा क्रम कधीच बदलत नाही, म्हणून मधली क्रियापदं गाळली तरी चालतं. नमुन्यादाखल एक ओळ मराठीत अशी होईल: "डॉगर, फिशर. नैर्ऋत्य ५ ते ७. नंतर पाऊस. चांगलं, अधूनमधून वाईट." यातले ५ आणि ७ हे वाऱ्याच्या जोराचे ठरलेले आकडे. आठ आला की वादळी वारा. 'चांगलं' हे हवेला दिलेलं प्रशस्तिपत्रक नाही. पाच सागरी मैलांच्या पुढचं दिसतंय, एवढाच त्याचा अर्थ. 'इमिनंट' म्हणजे सहा तासांच्या आत, 'सून' म्हणजे सहा ते बारा तासांत आणि 'लेटर' म्हणजे त्याच्याही पुढे, चोवीस तासांपर्यंत. सगळं मिळून साधारण ३५० शब्दांत बसवायचं. मध्यरात्रीनंतरच्या वाचनाला थोडी जास्त सूट, ३८० शब्दांची, कारण स्पेनच्या खालचा ट्रॅफल्गर हा भाग एरवी वगळला जातो आणि या वेळेला घेतला जातो.

कोकणात बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला म्हटलं की कुणी त्याचा अर्थ विचारत बसत नाही, होडी वर ओढतात. हे तसंच आहे. शब्द कमी, पण प्रत्येकाच्या मागे ठरलेला अर्थ.

याची सुरुवात एका मोठ्या अपघातातून झाली. १८५९ च्या ऑक्टोबरमध्ये 'रॉयल चार्टर' नावाचं जहाज वेल्सच्या किनाऱ्याजवळ वादळात फुटलं आणि चारशेच्या वर माणसं बुडाली. त्यानंतर रॉबर्ट फिट्झरॉय या नौदल अधिकाऱ्याने तारायंत्राने बंदरांना आगाऊ इशारे धाडायची पद्धत बसवली, १८६१ मध्ये. २००२ साली एका सागरी भागाचं जुनं नाव बदलून त्याला फिट्झरॉय हे नाव दिलं. ते नाव आजही त्या यादीत रोज वाचलं जातं.

आता आईचा खरा प्रश्न. आजच्या जहाजावर उपग्रहाने सगळं कळतं, मग शहरातल्या माणसाने हे का ऐकायचं? माझ्या मते बोलणाऱ्या रेडिओचं सगळं मर्म याच प्रश्नात आहे. असा रेडिओ माणसाला त्याने मागितलेलंच देत नाही. दुसऱ्याच्या कामाचं, दुसऱ्याच्या काळजीचं असं काहीतरी तो ठरलेल्या वेळेला तुमच्या स्वयंपाकघरात आणून ठेवतो. लंडनमध्ये अंथरुणात पडलेल्या बाईला ठाऊक होतं की आत्ता स्कॉटलंडजवळच्या हेब्रिडीज बेटांच्या बाजूला कुणीतरी उंच लाटांत आहे. फोनवरच्या याद्या आपल्या आवडीचं आणखी आणखी पुढे करतात आणि तिथे ही बाई त्या समुद्रापर्यंत कधीच पोचली नसती.

रेडिओ ४ हे नाव ३० सप्टेंबर १९६७ पासूनचं. त्याआधी याच स्टेशनला 'होम सर्व्हिस' म्हणत आणि त्या होम सर्व्हिसवर आपलाही एक आवाज होता. कोल्हापूरजवळच्या शिरोळच्या वेणू चितळे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनला बीबीसीत काम करत होत्या. त्या हिंदुस्थानासाठी बोलत, मराठीतून बोलत, आणि होम सर्व्हिसवरच्या 'किचन फ्रंट' या कार्यक्रमात त्यांनी इंग्रज गृहिणींना आपल्याकडचा शाकाहारी स्वयंपाक सांगितला. मांस, लोणी, साखर सगळं रेशनवर होतं. अशा वेळी डाळ-भाजीचं जेवण कसं जमवायचं हे शिरोळची बाई त्यांना रेडिओवरून समजावत होती. न मागितलेलं पण उपयोगी पडणारं म्हणतात ते हेच.

दिवसाची रचना समजायला आपल्याला आकाशवाणीची सवय उपयोगी पडते. आपल्याकडे दिवस सभांमध्ये वाटलेला असे: पहिली सभा, दुसरी सभा, तिसरी सभा, आणि मध्ये स्टेशन बंद. रेडिओ ४ असा मधूनमधून बंद होत नाही. रात्री एकच्या सुमारास तो आपली जागा जागतिक सेवेला देतो आणि पहाटे पुन्हा स्वतःचा होतो. पण तत्त्व तेच आहे. श्रोता त्या घडीला काय करत असेल, हे आधी पाहायचं. पहाटे पावणेसहाला शेतीचा कार्यक्रम, कारण तेव्हा जागा असतो तो गोठ्यातला माणूस. सहा ते नऊ 'टुडे', म्हणजे बातम्या आणि मुलाखती, कारण तेव्हा लोक आवरत असतात, मंत्र्याला प्रश्न विचारलेला त्यांना दाढी करताना ऐकायचा असतो. या धबडग्यात पावणेआठच्या सुमारास तीनेक मिनिटं एखादा धर्मोपदेशक, एखादी ज्यू धर्मगुरू, एखादा हिंदू किंवा शीख वक्ता येऊन ताज्या बातमीकडे आपल्या श्रद्धेतून पाहतो. दहाला बायकांसाठीचा 'वुमन्स अवर'. हा कार्यक्रम ७ ऑक्टोबर १९४६ ला सुरू झाला. त्याचा पहिला निवेदक पुरुष होता, हे ऐकून आई थोडा वेळ काही बोललीच नाही. दुपारी एकला बातम्या, सव्वादोनला नभोनाट्य, पाचला पुन्हा बातम्या, साडेसहाला विनोद, सातला 'दी आर्चर्स', पावणेअकराला झोपण्याआधीचं पुस्तकवाचन.

चौकट ठरलेली, आतला ऐवज रोज वेगळा. सव्वादोनला नाटक आहे हे ठाऊक असतं, पण आज कशावरचं आहे ते ठाऊक नसतं. भांडी घासायला बसलेला माणूस तेवढ्यासाठी स्टेशन बदलत नाही आणि नकळत खाणकामगारांच्या संपावरचं, नाहीतर विसरभोळ्या होत चाललेल्या वडिलांवरचं काहीतरी ऐकून उठतो. मध्ये जाहिराती नसतात, कारण खर्च चालतो तो टीव्हीच्या लायसन फीवर. नुसत्या रेडिओला तिथे १९७१ पासून लायसन लागत नाही. आपल्याकडेही पूर्वी पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन भरावं लागे, ते पुस्तक आईच्या माहेरी कपाटात होतं.

या चौकटीला खिळे ठोकले आहेत ते वेळेच्या सहा ठोक्यांनी. पाच आखूड 'पिप' आणि सहावा लांब. तो सहावा सुरू होतो त्या क्षणी तास लागतो. पिप वाजवायची ही पद्धत ५ फेब्रुवारी १९२४ ला सुरू झाली. संध्याकाळी सहाला आणि मध्यरात्री पिपऐवजी बिग बेनचे टोले येतात. मी मात्र पुण्यात बसून त्यावर घड्याळ लावू शकत नाही. इंटरनेटवरून आवाज यायला काही सेकंद जास्त लागतात, म्हणून माझा सहावा पिप नेहमी उशिराचा असतो.

साडेसहाच्या विनोदाबद्दल एक सांगायलाच हवं, कारण त्याचा धागा मुंबईपर्यंत येतो. 'जस्ट अ मिनिट' हा खेळ २२ डिसेंबर १९६७ ला, नाताळ तीन दिवसांवर असताना सुरू झाला. दिलेल्या विषयावर एक मिनिट बोलायचं. अडखळायचं नाही, शब्द पुन्हा वापरायचा नाही, विषय सोडायचा नाही. ऐकायला सोपं, पण घरी करून पाहा. मराठीत वीस सेकंदांत 'म्हणजे' दुसऱ्यांदा येतोच. निकोलस पार्सन्स यांनी पन्नासहून जास्त वर्षं हा खेळ चालवला. २०१२ मध्ये तो मुंबईत येऊन ध्वनिमुद्रित झाला, भारतीय विनोदवीरांना सोबत घेऊन.

आणि 'दी आर्चर्स'. यावर मी थोडी रेंगाळणार आहे. अँब्रिज नावाचं एक काल्पनिक खेडं आणि तिथली शेतकरी कुटुंबं. १ जानेवारी १९५१ पासून देशभर ऐकू येणारी ही मालिका जगातली सगळ्यात दीर्घकाळ चाललेली मानतात. भाग जेमतेम तेरा मिनिटांचा. युद्धानंतर ब्रिटनमध्ये अन्न अजून रेशनवर होतं आणि सरकारला शेतीचं उत्पादन वाढवायचं होतं. १९४८ मध्ये बर्मिंगहॅमला शेतकऱ्यांची एक बैठक झाली. तिथे एका शेतकऱ्याने सांगितलं की आम्हाला भाषणं नकोत, रेडिओवरच्या हेरकथेच्या मालिकेसारखं उत्कंठेचं काहीतरी शेतीवर करा. गॉडफ्रे बेस्ली यांनी ते मनावर घेतलं. कुठलं बियाणं, गुरांना कुठला रोग, हे सगळं गावातल्या भांडणांत आणि लग्नांत मिसळून आलं.

आईला हे परकं वाटलं नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने असाच प्रयोग महाराष्ट्रातल्या सुमारे दीडशे गावांत केला होता. गावकऱ्यांचं मंडळ रेडिओभोवती बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचं, मग त्यावर बोलायचं, आणि प्रश्न स्टेशनला कळवायचं. ऐका, चर्चा करा, कामाला लागा, अशी त्याची पद्धत होती. तिथे मालिका झाली, इथे चर्चामंडळ झालं. शेतकऱ्याला नुसतं ऐकवून भागत नाही, त्याला त्यात स्वतःचं गाव दिसावं लागतं, हे दोन्हीकडे ओळखलेलं होतं.

आर्चर्सचं ध्वनिमुद्रण बर्मिंगहॅमच्या स्टुडिओत होतं. तिथे शेत नाही, गाय नाही. नट हातात संहिता घेऊन माइकपुढे उभे, आणि शेजारी एक माणूस आवाज करायला. शेताचं फाटक उघडायचं असेल तर तो जुनं इस्त्रीचं टेबल उघडमीट करतो. त्याच्या बिजागऱ्यांची कुरकुर अगदी फाटकासारखी येते. एखादं जनावर व्यायचं असेल तर दही आणि ओला टॉवेल. दह्यातून हात बाहेर काढताना जो चिकट आवाज होतो, त्याने ऐकणाऱ्याला अख्खा गोठा दिसतो. चित्र दाखवलं असतं तर खोटेपणा लगेच उघडा पडला असता. कानाने मात्र माणूस स्वतःच्या आठवणीतला गोठा उभा करतो, म्हणून तो खरा होतो.

आता डिसेंबर. लंडनला २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य आठ वाजता उगवतो आणि चारच्या आधी मावळतो. दिवस आठ तासांचाही नाही. माणसं घरात, दिवे लागलेले, हात स्वयंपाकात किंवा भेटवस्तू बांधण्यात, कान मोकळे. बोलणाऱ्या रेडिओसाठी याहून चांगला काळ नाही, आणि याहून अवघड काळही नाही. कारण नाताळ सगळ्यांचा सारखा नसतो. कुणाकडे नातवंडं येणार असतात, कुणी पहिल्यांदाच एकटं असतं, कुणी नाताळ पाळतच नाही. स्टेशनने चौकट मोडली तर एकट्या माणसाचा दिवस मोडतो. न मोडता तिच्यात सण घालायचा, हे त्यांचं डिसेंबरचं काम.

म्हणून बातम्या, 'वुमन्स अवर', नाटक सगळं आपापल्या जागी राहतं आणि आतून बदलत जातं. गेल्या काही वर्षांत रीथ व्याख्यानं याच सुमाराला येतात. बीबीसीचे पहिले महासंचालक जॉन रीथ यांच्या नावाची ही व्याख्यानमाला १९४८ मध्ये बर्ट्रांड रसेल यांनी सुरू केली. नाताळाच्या तोंडावर स्वातंत्र्य किंवा नैतिकता यावर सलग व्याख्यानं ऐकवायची, म्हणजे श्रोत्याला किती समजूतदार धरलंय ते दिसतं. अँब्रिजमध्ये गावाच्या नाताळच्या नाटकाची तालीम सुरू होते. खरे कसलेले नट हौशी गावकऱ्यांचा कच्चा अभिनय करत असतात, आणि कच्चा अभिनय नुसत्या आवाजात पक्का करणं ही सोपी गोष्ट नाही. लंडनच्या ट्रॅफल्गर चौकातल्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स या चर्चबरोबर बेघरांसाठी मदतीचं आवाहन होतं. ही प्रथा १९२७ पासूनची. त्यात नाट्य काही नसतं. रस्त्यावर राहिलेली माणसं स्वतःच्या शब्दांत सांगतात, खोलीचं भाडं, पलंग, गरम कपडे. मघाशी समुद्राची हजेरी ऐकणारी बाई इथे आपल्याच शहरातल्या फुटपाथची हजेरी ऐकते.

सणाच्या आदल्या दिवशी, २४ तारखेला दुपारी तीनला, रेडिओ ४ केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये जातो. पुण्यात तेव्हा रात्रीचे साडेआठ. बायबलमधली नऊ वाचनं आणि मध्ये कॅरल्स, म्हणजे नाताळची गाणी, अशी ही उपासना १९१८ मध्ये सुरू झाली. पहिलं महायुद्ध संपून दीड महिनाही झाला नव्हता. ती बसवणारे एरिक मिल्नर-व्हाइट आघाडीवर सैन्याचे पाद्री होते, आणि परत आल्यावर त्यांना वाटलं होतं की नेहमीची प्रार्थना आता लोकांना पुरणार नाही. रेडिओवर ती १९२८ मध्ये आली आणि १९३० चा एक अपवाद सोडला तर दरवर्षी येते. दुसऱ्या महायुद्धातही आली, मात्र तेव्हा चॅपलच्या रंगीत काचा काढून ठेवलेल्या होत्या आणि जागेचं नाव हवेवर घेत नसत, शत्रूच्या विमानांना कळू नये म्हणून.

सुरुवातीला पूर्ण शांतता असते. मग एकच मुलगा, साथीला काहीही नसताना, पहिल्या कॅरलचं पहिलं कडवं गातो. तो कोण, हे त्यालाही आधी ठाऊक नसतं. काही मुलांची तयारी करून घेतलेली असते. अगदी शेवटच्या क्षणी संचालक त्यांच्यातल्या एकाकडे खूण करतो आणि त्याने गायचं. आधी सांगितलं तर रात्रभर झोप लागणार नाही, घसा धरेल, म्हणून ही रीत. जगभर माणसं ऐकत असतात आणि त्या पोराला घाबरायलाही सवड मिळत नाही. आई हे ऐकून हातातलं काम ठेवून बसली. तो गायला लागला तेव्हा तिने माझा हात धरला होता.

दुसऱ्या दिवशी तीनलाच राजाचा संदेश असतो. ही वेळही रेडिओनेच ठरवलेली आहे. लघुलहरींवरून दूरदेशी आवाज पोचवणारी सेवा १९ डिसेंबर १९३२ ला सुरू झाली आणि सहाच दिवसांनी पाचवे जॉर्ज सँडरिंगहॅमहून बोलले. साम्राज्यातल्या जास्तीत जास्त देशांना गाठायला तीन ही वेळ बरी पडत होती. ते भाषण लिहून दिलं होतं रुडयार्ड किपलिंग यांनी, जे जन्मले मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात. आपण तेव्हा साम्राज्यातलेच. ते ऐकताना आपल्याकडच्या माणसांना काय वाटलं असेल, हा विचार मला दरवर्षी येतो आणि आनंदात थोडा खडा लागतो. तो लागायलाही हवा.

पण राजाच्या संदेशाला अजून अवकाश असतो. चोवीसच्या रात्री उशिरा मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना होते. त्यानंतर ती संथ चाल, आणि बारा अठ्ठेचाळीसला कुणीतरी एकटा निवेदक स्टुडिओत बसून वायकिंग, नॉर्थ उटसिरा वाचायला घेतो. पुण्यात पंचवीस तारखेची सकाळ झालेली असते. गेल्या वर्षी माझा डोळा उशिरा उघडला. स्वयंपाकघरात आले तर आईने फोन आधीच लावला होता, दोन कप काढून ठेवले होते, आणि निवेदक ट्रॅफल्गरपर्यंत पोचला होता. "आज वारा आठचा आहे गं तिकडे," ती म्हणाली, "सणाचा दिवस आणि माणसं पाण्यात."